बाटलीतला नमुना

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. वर्कशॉपमध्ये सगळ्यांना त्याचा अनुभव आहे. पण त्या सोमवारी गणराज सरांनी माझ्या टेबलावर दोन सेन्सर आणून ठेवले, तेव्हा मी ते नुसते उलटसुलट करून बघत राहिले. दोन्ही मीच खराब म्हणून काढले होते, एकाच पोकलेनचे, महिन्याभराच्या अंतराने. मशिन बनवणाऱ्या कंपनीने ते तपासून परत पाठवले होते आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं: दोष आढळला नाही.

"त्याच मशिनची तिसऱ्यांदा तीच तक्रार आलीये," सर म्हणाले. "वरून मला विचारतायत, आम्रपाली. या वेळी मिटलं नाही तर तुझं साइटवर जाणं बंद. पार्ट्सच्या काउंटरला बसशील."

काउंटर म्हणजे दिवसभर खोकी काढून देणं. आमच्या चाकणच्या डीलरकडे साइटवर जाऊन मशिनचा आजार शोधणारी मी एकटीच मुलगी, आणि हे काम मला कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. चार वर्षं मी नुसती फिल्टर बदलत होते. मशिन बघण्याआधी माझ्याकडे बघणारे आणि 'मेकॅनिक कुठाय?' असं मलाच विचारणारे लोक मी पचवले होते. आता कुठे लॅपटॉप आणि पान्यांची पेटी माझ्या नावावर झाली होती.

आजार काय, ते सांगते. हल्लीच्या डिझेल मशिनच्या धुरावर युरियाच्या द्रावणाचा फवारा मारतात, त्याने धुरातलं विष कमी होतं. या द्रावणाची वेगळी टाकी असते. तिच्यात एक सेन्सर बसवलेला असतो, द्रावणात युरिया पुरेसा आहे का ते तो बघतो. शंभरात साडेबत्तीस भाग हवा. कमी दिसला की दिवा लागतो, मग मशिनची ताकद उतरते, मग मालकाचा फोन येतो. आम्ही जाऊन शोधायचं एवढंच, की द्रावण बिघडलंय की सेन्सर. छोट्या दुर्बिणीसारखं एक यंत्र असतं, त्याच्या काचेवर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि डोळा लावून आकडा वाचायचा. थेंब साडेबत्तीस सांगतोय आणि सेन्सर वीस, तर सेन्सर गेला.

दोन्ही वेळा थेंब चोख साडेबत्तीस निघाला होता. दोन्ही वेळा बाटली माझ्या हातात भीमराज काकांनी दिली होती.

भीमराज काका त्या पोकलेनवर ऑपरेटर आहेत. एमआयडीसीतल्या एका नव्या प्लॉटचं सपाटीकरण चाललंय, तिथे. मूळचे परभणीचे, माझ्या बाबांचे जिवलग. दोघं एकाच वर्षी पोटासाठी इकडे आले आणि चिखलीत भिंतीला भिंत लावून राहिले. दहावीनंतर मी डिझेल मेकॅनिकचा कोर्स करणार म्हटल्यावर आईने अबोला धरला आणि बाबा गप्प बसले, तेव्हा आयटीआयच्या रांगेत माझ्यासोबत काका उभे होते. बाबा गेले त्या दिवशीही सगळी धावपळ त्यांनीच केली. त्यामुळे मी साइटवर गेले की आधी चहा यायचा, आणि नमुन्याची बाटली तयार असायची.

"तू कशाला वर चढायलीस पोरी, चिखल हाय सगळा. मी काढून ठेवलाय बघ."

नियम असा आहे की नमुना मेकॅनिकने स्वतःच्या हाताने टाकीतून घ्यायचा. पण वडिलांच्या जागी असलेल्या माणसाने पुढे केलेली बाटली बाजूला सारून त्याच्या देखत टाकीचं झाकण उघडायचं? 'मला तुमचा भरवसा नाही' असं तोंडावर म्हणण्यासारखंच ते. खरं सांगायचं तर माझ्या मनात तसं आलंसुद्धा नव्हतं. सेन्सर बदलायला टाकी रिकामी करावी लागते, तीही काका मी पार्ट घेऊन येण्याआधी करून ठेवायचे. नवा सेन्सर बसायचा, ताजं द्रावण पडायचं, दिवा विझायचा आणि मी खुशीत परत यायचे.

सर गेल्यावर मी ते दोन सेन्सर उचलले. वर्कशॉपमध्ये दुसरं एक पोकलेन उभं होतं. एकेक सेन्सर त्याच्या वायरिंगला जोडला आणि द्रावणाच्या नुकत्याच सील फोडलेल्या नव्या बादलीत बुडवला. पहिला म्हणाला साडेबत्तीस. दुसराही साडेबत्तीस. मी पुसून, वाळवून पुन्हा बुडवले. तेच आकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी दोनदा करून बसले होते. आता चोर कोण, हे विचारायला मला कुणाकडे जायची गरज नव्हती, आणि तरी चाकण चौकातली गर्दी ओलांडून साइटवर पोचेपर्यंत मी मनाशी दुसरी कारणं शोधत होते. साठवणीच्या पिंपात पाणी गेलं असेल. मालकाने भेसळीचा माल आणला असेल. काकांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

जेवणाची सुट्टी होती. मशिन बंद होतं. काकांनी हसत बाटली पुढे केली. मी ती घेतली, खिशात ठेवली, आणि नळी घेऊन मशिनवर चढले.

"अगं, दिलाय की नमुना," ते खालून म्हणाले. मी झाकण उघडलं. "आम्रपाली, उतर खाली," ते म्हणाले. या वेळी पोरी नाही म्हणाले.

टाकीतला थेंब अठरा निघाला. मशिनच्या पडद्यावर सेन्सरही अठराच दाखवत होता, इमानदारीत. बाटलीतला थेंब साडेबत्तीस.

मी खाली उतरले. "काका, पाणी कोण घालतं?"

त्यांनी जेवणाचा डबा झाकला. मग म्हणाले, "हायवेवरचे कंटेनरवाले रोख देऊन मागत्यात, त्यांच्या गाड्यांनाबी हेच लागतं. चार बादल्या आल्या की दोन तिकडं जात्यात. तेवढं पाणी घालतो. सगळ्याच साइटवर चालतंय हे."

"मी दोन चांगले सेन्सर खराब म्हणून काढले."

"ते कंपनीचं गेलं. तुझं काय गेलं त्यात?"

मला ओरडायचं होतं. वर्कशॉपमध्ये एवढ्यातेवढ्यावरून ओरडते मी. इथे मी दुर्बीण पुसून पेटीत ठेवली. "माझं काम जाणार आहे," मी म्हणाले. "ज्यासाठी तुम्ही रांगेत उभे होतात, तेच." ते पुन्हा डब्याकडे वळले, आणि मला राहवलं नाही. "या साइटवरून तक्रार आली की दर वेळी तुम्ही माझंच नाव सुचवता, असं ऑफिसवाले सांगायचे. मी घरी आईला सांगितलं होतं, काकांना माझ्या कामाचं कौतुक आहे म्हणून."

"दुसरा कुणी आला असता तर टाकी उघडली असती," काका म्हणाले. कसलाही आव न आणता, हवापाण्याच्या गोष्टी कराव्या तसं.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते मी शंभरदा ऐकलं होतं. त्या दुपारी त्याचा अर्थ कळला. पाण्याचं मला काही वाटलं नाही, पाणी सगळेच घालत असतील. त्यांनी माझ्यातलं नेमकं ते हेरलं होतं, जे त्यांच्याच मायेने माझ्यात आलं होतं, आणि त्यावर धंदा मांडला होता.

मी मशिनच्या पट्ट्यावर बसून रिपोर्ट लिहिला. टाकीतल्या द्रावणात पाणी. सेन्सर चांगला. आधी काढलेले दोन्हीही चांगलेच होते. त्या वेळचा नमुना ऑपरेटर भीमराज यांनी हातात दिला, मी स्वतः टाकीतून घेतला नाही. हे शेवटचं वाक्य गाळलं असतं तर माझी साइट कदाचित वाचली असती. ते वाचून सर मला काउंटरवर बसवणार, हे लिहितानाच कळत होतं.

रिपोर्टवर ऑपरेटरची सही लागते. काकांनी पेन घेतलं आणि कागद गुडघ्यावर धरून सरळ सहीच्या जागी टेकवलं.

"वाचा आधी," मी म्हणाले.

"तू लिहिलंस म्हंजे नीटच लिहिलं असशील की." त्यांना खरंच वाटत होतं की मी त्यांना सांभाळून घेतलंय.

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. त्यांच्या नावाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली. वाचून झाल्यावर कागद पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

"अण्णासाहेबानं असं लिहिलं नसतं," ते म्हणाले. अण्णासाहेब म्हणजे माझे बाबा.

"नसतं लिहिलं," मी म्हणाले. "बाबांनीही तुमच्या हातची बाटली न तपासताच घेतली असती, काका. जन्मभर."