न पाहिलेली आफ्रिका

चूक सापडत नव्हती, म्हणून अनंतराव मुलांच्या प्रकल्पाचा तोच तक्ता तिसऱ्यांदा वाचत होते. १९२८ सालची जर्मन पोरं, अंगात खाकी, हातात झेंडे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या आफ्रिकेतल्या वसाहती परत द्या, म्हणून गावोगाव ओरडत फिरणारी. सनावळ्या बरोबर, नकाशाही बरोबर. मेल्याने काम चोख करून घेतलं होतं.

मेला म्हणजे मिहीर. वय अठ्ठावीस, पुण्याहून दोन वर्षांच्या करारावर आलेला. आखातातल्या, अल दुहैलच्या या शाळेत अनंतरावांनी बारा वर्षं दहावीला इतिहास शिकवला, आणि एप्रिलमध्ये तो वर्ग उचलून या पोराच्या हातात दिला गेला. आपलं होतं, हिसकावलं, हे ते रोज जेवताना घरी बोलत. बायकोने, मीनाने, ऐकणं सोडून दिलं. मुलगी ईशा त्याच वर्गात. तिने बापाची बाजू घेऊन दोन महिने मिहीर सरांशी धड बोलणं टाकलं. अनंतरावांना ते गोड वाटलं. लाज वाटायला हवी होती.

आज ते परीक्षक होते. एकाचा वर्ग दुसऱ्याने तपासायचा, हा शाळेचा रिवाज. वर्ल्ड कप वर्षावर आला होता, बाहेरचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यापुढे एकच प्रकल्प जाणार होता. मिहीरचा जाऊ द्यायचा की नाही, ते अनंतरावांच्या पेनात होतं. तक्ता ईशाच्याच गटाचा. तरी चुका शोधताना त्यांचा हात आखडला नाही.

"यातल्या किती पोरांनी आफ्रिका पाहिली होती?" त्यांनी मिहीरकडे रोखून विचारलं.

उत्तर ईशाने दिलं. "एकानेही नाही, बाबा. दॅट्स द पॉइंट. घरातले मोठे रोज म्हणायचे, आपलं होतं, हिसकावलं. मग ह्यांना राग आला." तिने बापाकडे पाहिलं. "आय नो हाऊ इट वर्क्स."

मिहीरने मान खाली घातली. त्याला सगळं कळलं होतं, आणि अनंतरावांना झोंबलं ते हेच.

'मांडणी विस्कळीत' असं लिहून दहापैकी पाच गुण देता आले असते. त्यांनी नऊ दिले. राग गेला नव्हता, फक्त आकडा खरा लिहिला.

तक्ता बसने शहरातल्या सभागृहात न्यायचा होता. बाहेर रस्ता खोदलेला, बस पार कोपऱ्यावर उभी. एक टोक मिहीरने धरलं, दुसरं अनंतरावांनी.

"सर, मी उलटा चालतो."

"तुला इथले खड्डे माहीत नाहीत," अनंतराव म्हणाले, आणि उन्हात एकेक पाऊल मागे टाकू लागले.