दुसऱ्या गिअरची चौकशी

संकटकाळी माणसाची खरी पारख होते, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. साहेबांच्या घरी इतकी वाट बघायची पद्धत नव्हती. तिथे माणसाची पारख नेलकटरवर होत असे.

पद्धत साहेबांच्या वडिलांनी घालून दिलेली. घरातली कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर जायची झाली, की तिच्यात एक चकचकीत स्टीलचं नेलकटर विसरल्यासारखं ठेवून द्यायचं. वस्तू परत आली की आधी नेलकटर बघायचं, मग वस्तू. पैसे ठेवले तर समोरचा सावध होतो, घड्याळ ठेवलं तर आपलाच जीव खालीवर होतो. पण नेलकटर अशी चीज आहे, की ती खिशात घालताना आपण चोरी करतोय हे चोराच्याही लक्षात येत नाही, असं वडिलांचं म्हणणं होतं. शिलाई मशीनच्या खणात, सोफ्याच्या फटीत, सुटाच्या खिशात बसून ते नेलकटर सगळ्या शहरात फिरून आलं होतं आणि दर वेळी सुखरूप परतलं होतं. याचा अर्थ जग प्रामाणिक आहे, असा साहेबांनी कधी लावला नाही. जग अजून सापडलेलं नाही, एवढाच लावला.

साहेब विमा कंपनीत दावे तपासत. कुणाचं दुकान जळो, कुणाचा पाय मोडो, कागद त्यांच्या टेबलावर येत आणि तिथेच आडवे होत. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'नामंजूर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्यात आधी कोण म्हणालं, याचा तपास चालू होता.

अशा घरात लेकीनं एका संध्याकाळी लग्न ठरवल्याचं सांगितलं. मुलगा दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो, वडिलांचं गाड्यांचं गॅरेज आहे. दिवसभर खोटे दात बनवणारा माणूस खरं कशानं बोलणार, अशी साहेबांनी पहिली शंका काढली. पगार तर खरा आहे, असं लेक म्हणाली. मुलगा सालस आहे, दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेलाय, असं बायको म्हणाली. आपल्या घरात आपल्या पाठीमागे चहा होतो, ही साहेबांना नवीन माहिती होती.

आता मुलाच्या घराची चौकशी करायची म्हणजे चार लोकांना विचारायचं, आणि चार लोकांवर साहेबांचा विश्वास नव्हता. तेवढ्यात देव पावला. त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. इंजिन ओरडायचं, गाडी मात्र जागची हलायची नाही. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. साहेब शीळ घालत आत आले आणि त्यांनी कपाटातून नेलकटर काढलं.

"अहो, होणाऱ्या व्याह्यांकडे?" बायकोनं विचारलं.

"मग काय झालं? गाडीच दुरुस्त करायची आहे."

"आणि ते नेलकटर कशाला?"

साहेब तोवर जिना उतरू लागले होते. खाली जाऊन त्यांनी नेलकटर गिअरच्या दांड्यापाशी ठेवलं. दांड्याला खालून चामड्याची झालर असते, तिच्या कडेखाली अर्धं आत, अर्धं बाहेर, सहज घरंगळल्यासारखं. तीन वेळा लांबून बघून त्यांनी कोन बरोबर केला. मग गाडी ओढून न्यायला टेम्पो बोलावला.

व्याही होऊ घातलेले गॅरेजवाले आडव्या अंगाचे आणि उभ्या आवाजाचे होते. गॅरेजात त्यांची काचेची केबिन होती, आणि तिच्यात बसून ते गाड्यांच्या पोटातले आजार नुसत्या आवाजावरून सांगत असत. निम्मे बरोबर निघत. गाडी परत द्यायला ते स्वतः आले. जुने भाग एका गोणपाटात बांधून बरोबर आणले होते. गिऱ्हाइकाला शंका नको, म्हणाले. साहेबांना ताबडतोब शंका आली. असल्या गोणपाटात कुणाच्याही गाडीचे जुने भाग असू शकतात. मग त्यांनी बिल बघितलं. एवढ्या पैशांत दुसरी गाडी आली नसती, पण तिची दारं आली असती. शिवाय त्यात एका पैशाची सूट नव्हती. सूट दिली असती तर लाच म्हणता आली असती. दिली नाही, म्हणजे लूट म्हणायला हरकत नव्हती. साहेब काही बोलले नाहीत. पुरावा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, हा ऑफिसातला नियम. त्यांनी मुकाट्यानं पैसे दिले आणि व्याही गेल्यावर गाडीचं दार उघडून झालरीकडे पाहिलं.

नेलकटर नव्हतं.

साहेबांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. वडिलांच्या वेळेपासून अडकून पडलेलं एक प्रकरण अखेर निकाली निघालं होतं. त्यांनी सीटखाली, पायपुसण्याखाली, मागच्या बाकाच्या फटीत हात घालून बघितलं. एक कंगवा आणि लेकीचं शाळेतलं खोडरबर मिळालं. नेलकटर नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नवीन आजार सुरू झाले. डावीकडे वळलं की गाडीच्या पोटात कुणीतरी चमचा टाकल्यासारखा 'खळ्ळ' आवाज व्हायचा. आणि दुसरा गिअर पडेना. पहिला पडायचा, तिसरा पडायचा, दुसऱ्यात दांडा अर्ध्यावर जाऊन अडायचा, पाहुण्याला उंबऱ्यात अडवावं तसा. साहेब पहिल्यातून थेट तिसऱ्यात जाऊ लागले. गाडी दर सिग्नलला उचकी लागल्यासारखी करायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि साहेबांचा संशय पक्का व्हायचा. ज्याला साधं नेलकटर सोडवत नाही, त्याला गिअर कुठला सोडवतो? दुसरा गिअर काढून घेतला असणार आणि त्या जागी कुठल्या तरी भंगार गाडीचा ठोकून बसवला असणार.

तरीही साहेब न्यायी होते. एका पुराव्यावर निकाल द्यायचा नाही म्हणून दुपारच्या सुट्टीत ते गॅरेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभे राहिले. उभं राहायला निमित्त हवं, म्हणून स्वतःच्याच ओळखपत्राच्या प्रती काढत राहिले. झेरॉक्सवाला त्यांच्याकडे निरखून पाहू लागला, तेव्हा समोरच्या काचेच्या केबिनमध्ये व्याह्यांनी डबा खाऊन हात पुसले, खुर्चीत मागे रेलून टेबलावर पाय ठेवला आणि खिशातून काहीतरी काढलं. ते ऊन लागून चमकलं. मग व्याही अंगठ्यापासून सुरुवात करून सावकाश, तृप्त चेहऱ्यानं, पायाची नखं कापू लागले.

त्या संध्याकाळी जेवताना साहेबांनी निकाल जाहीर केला. लग्न होणार नाही.

बायकोनं वाढायचा डाव खाली ठेवला. लेकीनं कारण विचारलं. साहेबांनी चमच्याचा आवाज सांगितला, दुसरा गिअर सांगितला, गोणपाट सांगितलं, आणि शेवटी, आवाज खाली आणून, नख कापणं सांगितलं. लेक ऐकत राहिली. ती याच घरात वाढली होती. लहानपणी तिनं सायकल पंक्चर काढायला नेली, तर सीटच्या पिशवीत ते नेलकटर असायचं.

"म्हणजे नेलकटर गेलं म्हणून," ती म्हणाली.

"गिअरही गेलाय."

"बाबा, उद्या आपण तिघं गॅरेजमध्ये जाऊ. गिअरबद्दल काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा. त्यांची लबाडी निघाली तर मी पुन्हा या लग्नाचा विषय काढणार नाही. नाही निघाली तर तुम्ही तिथेच, त्यांच्यासमोर, हो म्हणायचं."

साहेबांनी या अटीत फट आहे का, हे बघितलं. नव्हती. लेकीचा चेहरा उतरला होता आणि तिनं पुढचा घास घेतला नाही, हेही त्यांनी बघितलं. पण त्या गोष्टी दाव्यात धरता येत नव्हत्या.

सकाळी तिघं निघाले. वाटेत बायको सारखी म्हणत होती, निदान नेलकटरचं नाव काढू नका, माणसं काय म्हणतील. लेक मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. गॅरेजचं वळण नेमकं डावीकडचं होतं. खळ्ळ झालं. 

व्याही बाहेर आले, या या म्हणाले, साहेबांच्या बायकोसाठी पंख्याखाली खुर्ची मांडायला लावली. साहेबांनी उभ्याउभ्याच तक्रार मांडली. एवढं बिल लावून दुसरा गिअर का पडत नाही, आणि आत बसवलेला भाग नवा आहे याचा पुरावा काय. आवाज इतका सरकारी झाला होता, की शेजारच्या गाडीखाली आडवे असलेले दोन पायही स्तब्ध झाले. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. आपल्या हातचा गिअरबॉक्स असा वागणारच नाही, असं ते म्हणाले, आणि चालवता येत नसेल तर गोष्ट वेगळी, असंही म्हणाले. मग स्वतः गाडीत बसून त्यांनी दांडा दुसऱ्यात ओढला. तो अडला. पुन्हा ओढला. पुन्हा अडला. लेकीनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

व्याह्यांनी स्क्रू काढले, चामड्याची झालर वर उचलली, आत बॅटरी मारली आणि दोन बोटं घातली. बाहेर आलं ते ग्रीसमध्ये लडबडलेलं नेलकटर होतं. दांड्याच्या बुडाशी पडून ते दुसऱ्या गिअरची वाट अडवत होतं, आणि वळणावर इकडून तिकडे घरंगळत होतं.

"हे काय," व्याही म्हणाले, "तुमचंच हे."

साहेबांनी ते ओळखलं नाही अशा नजरेनं बघितलं.

"अहो, तुमच्या लेकीनंच पोराजवळ निरोप दिलेला. गाडीत नेलकटर असेल, त्याला हात लावू नका, असेल तिथेच राहू द्या. म्हटलं, असतं एकेका घराचं काही. गिअरबॉक्स उतरवताना बाजूला काढलं आणि काम झाल्यावर परत झालरीखाली खोचलं. वाटेत पडायला नको म्हणून जरा आतच खोचलं. तुमच्याकडे गाडी आणेपर्यंत तिथेच होतं, नंतर खाली घसरलं असणार." मग थोडे ओशाळून म्हणाले, "तेवढं चुकलं माझं."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं पंख्याकडे पाहिलं.

व्याह्यांना आता मोकळं वाटू लागलं होतं. आता नातंच होणार तर लपवायचं काय, म्हणून त्यांनी सांगून टाकलं, की बिलात आपणही मुद्दाम एक पैसा सोडला नव्हता. मुलीचा बाप घासाघीस करणारा निघतो की कसा, हे बघायचं होतं. साहेब तर चकार शब्द बोलले नाहीत. तेव्हाच आपण घरी जाऊन सांगितलं, की माणूस मोठ्या मनाचा आहे, पोरगी डोळे झाकून करून घ्या.

मोठ्या मनाच्या माणसानं खिशातलं बिल आणखी खोल ढकललं. 

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

"हरकत नाही," साहेब म्हणाले. उभ्या नोकरीत 'मंजूर'च्या इतक्या जवळ ते कधी गेले नव्हते.

लेक हसली आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसू लागली. व्याह्यांनी गाडीत बसून दुसरा गिअर टाकून दाखवला. लोण्यात सुरी जावी तसा पडला. मग बाहेर येऊन त्यांनी नेलकटर चिंधीनं स्वच्छ पुसलं, उजेडात धरून बघितलं, आणि सहज आपल्या अंगठ्याच्या नखाला लावून दाबलं. नख नुसतंच वाकलं. त्यांनी पुन्हा दाबलं.

"याला धार नाही," व्याही म्हणाले.

"पहिल्यापासूनच नाही," साहेबांची बायको पंख्याखालून म्हणाली. "आम्ही घरी दुसरं वापरतो."