दोन कॉकपिट पाहिलेला हेडसेट

मित्रांनो, मी एक जुना हेडसेट आहे. वैमानिक मला कानांवर चढवतात आणि माझ्या माइकमधून कंट्रोल टॉवरशी बोलतात. माझा हिरवा रंग उडाला आहे, कानांवरचा स्पंज झडला आहे. सध्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका घरात, कपाटात, जुन्या नकाशांवर मी पडून असतो. पण मी दोन तऱ्हेच्या नोकऱ्या जवळून पाहिल्या, आणि त्या दोन्हींत एक मुलगी कशी वागली, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

१९९६ साली हर्षाली विधातेनं मला मुंबईच्या दुकानातून आणलं. तिचे वडील खंडेराव गुलाब आणि शेवंती पिकवायचे. हर्षालीला विमान चालवण्याचा परवाना मिळाला, पण नोकरी मिळेना. चार वर्षं ती नाशिक रोडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होती. दर रविवारी मात्र ती मला कानांवर चढवून शेवंतीच्या वाफ्यात उभी राहायची आणि कुठेच नसलेल्या टॉवरशी खणखणीत आवाजात बोलायची.

शेजारच्या चिमणाबाईंनी एकदा विचारलंच, "कुसाबाई, पोरगी कुनाशी बोलती गं?"

"तिच्या नोकरीशी," हर्षालीची आई म्हणाली. "रोज हाका मारल्या म्हंजी येईल ती."

ती आली २००१ साली. मुंबईच्या एका उद्योगपतीच्या आठ आसनी जेटवर हर्षाली सहवैमानिक झाली. कॅप्टन होते सटाण्याचे देवरे. विमानाच्या पोटात गारवा, मऊ खुर्च्या, पायाखाली चाळीस हजार फूट. सोमवारी भुज, बुधवारी कोची, शुक्रवारी कुठली तरी कारखान्याची एकाकी धावपट्टी. दर उड्डाणानंतर देवरे तिला बसवून घ्यायचे आणि काय चुकलं ते समजावून सांगायचे. असा गुरू फार थोड्यांना मिळतो.

पण उड्डाण महिन्यातून वीसच तास. बाकीचा वेळ वाट पाहण्यात जायचा. पाहुण्यांच्या बॅगा ठेवायच्या, त्यांच्या आवडीचा चहा थर्मासात आहे का ते बघायचं आणि शेठजींची मीटिंग संपेपर्यंत बसून राहायचं. धाकट्या बहिणीच्या हळदीत फोन वाजला, तेव्हा हर्षाली हात न धुताच निघाली. माझ्या पट्ट्यावर तो पिवळा डाग कितीतरी दिवस होता.

ऑगस्ट २००४. शेठजींच्या पाहुण्यांना त्र्यंबकेश्वरला पूजेला जायचं होतं. विमान नाशिकजवळच्या ओझरला उतरायचं होतं. ढग पार खाली आले होते. परवानगी होती त्या उंचीपर्यंत देवरे उतरले. बाहेर नुसता पांढरा पडदा.

"रनवे दिसतो?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

देवरेंनी विमान वर घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मागून एक पाहुणे कॉकपिटच्या दारात आले. "अहो, मुहूर्त टळतोय! जरा अजून खाली घ्या ना!"

"साहेब, खाली जमीन आहे," देवरे शांतपणे म्हणाले आणि विमान मुंबईला परत नेलं.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी हर्षालीला ऑफिसात बोलावलं. मी तिच्या मांडीवरच्या पिशवीत होतो. त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. "ढग तितके खाली नव्हते, कॅप्टन उगाच घाबरले, एवढंच लिहा. देवरेंना आम्ही काढतोच आहोत. पुढे तुमचंच भलं होईल."

हर्षालीनं कागद जवळ ओढला. पाच वर्षं वाट पाहून हाती आलेली नोकरी होती ती. पिशवीवरची तिची बोटं मला जाणवत होती. ती घट्ट आवळली होती.

"सर, मला रनवे दिसला नव्हता," ती म्हणाली. "दिसला असं कसं लिहू?" आणि तिनं लिहिलं: 'दोन्ही वेळा धावपट्टी दिसली नाही. परत फिरण्याचा निर्णय योग्य होता.' खाली ठसठशीत सही केली.

दोघांचीही नोकरी गेली. जिन्यात देवरे अहिराणीत म्हणाले, "कसाले वं पोरी? तुझी तरी राहिली असती."

"राहिली असती सर. पण मग मी तिथे राहिले नसते."

पुढच्या वर्षी छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका नव्या विमान कंपनीनं तिला घेतलं. खंडेरावांना ते पटेना. "जेट सोडून पंख्याचं इमान? हे तर खाली उतरनं झालं."

"आण्णा, उतरून का होईना, पण रोज उडायला मिळेल."

आणि ती खरंच रोज उडू लागली. दिवसात सहा उड्डाणं, सहा उतरणं. ढगांच्या वर जायची सोय नाही, त्यांच्यातूनच धक्के खात जायचं. जेवणाचा डबा दहा मिनिटांत संपवायचा. तीच चार शहरं. रोज नवा कॅप्टन. कोणी शिकवायचा, कोणी दिवसभर अक्षरही बोलायचा नाही. ज्येष्ठतेच्या यादीत तिचं नाव तळाशी होतं. पण महिन्याचं वेळापत्रक आधी कळायचं, आणि जेटवर वर्षात जितके तास व्हायचे, तितके इथे चार महिन्यांत होऊ लागले. घामानं माझा स्पंज दोनदा बदलावा लागला.

मधेच देवरेंचा फोन आला. त्यांना दुसरं जेट मिळालं होतं. "हे मालक भले आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, उतरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एक जागा आहे. येतेस?"

हर्षालीनं आठवडाभर विचार केला. देवरेंच्या शेजारी बसायला तिला मनापासून आवडलं असतं. पण कॅप्टनची परीक्षा आठ महिन्यांवर आली होती.

"सर, तिथे भल्या माणसाचा शब्द आहे, इथे तेच नियम म्हणून लिहिलेलं आहे. मला नियमावर उभं राहायचंय."

"बरोबर आहे तुझं," देवरे हसले. "आणि माझंही."

२००८ च्या जुलैत ती डाव्या खुर्चीत बसली, कॅप्टन म्हणून. तिसऱ्याच आठवड्यात साठ प्रवासी घेऊन जाताना एका छोट्या शहरावर ढग उतरले. धावपट्टी दिसेना. तिनं विमान परत वळवलं आणि माझ्या माइकमधून प्रवाशांना स्वतः सांगितलं. खाली आल्यावर एक आजोबा तणतणले, "बाई चालवत होती म्हणूनच!"

"आजोबा, तुम्ही रागावलेले चालाल," ती म्हणाली, "पण सुखरूप हवेत."

मग तिनं ऑफिसला फोन केला. पलीकडून आवाज आला, "ठीक आहे कॅप्टन. प्रवाशांसाठी बस सांगतो." बस्स. कोणी कोरा कागद पुढे केला नाही. हर्षाली तिथेच खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच मी तिला हमसून हमसून रडताना पाहिलं.

पुढे माझा माइक खरखरू लागला आणि तिनं नवा हेडसेट घेतला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. टॉवरचा शब्द स्पष्टच ऐकू यायला हवा. पण आवराआवरीत कोणीतरी माझी वायर घट्ट गुंडाळली आणि आतली तार तुटली. मित्रांनो, वायर नेहमी सैल गुंडाळा. तार तुटल्याचं बाहेरून कळत नाही.

आणि उद्या तुम्ही शेठजींचं जेट चालवा नाहीतर लहान गावांचं पंख्याचं विमान, दोन्हींत मान आहे आणि दोन्हींत कष्ट आहेत. फक्त नोकरी धरण्याआधी एक प्रश्न धीटपणे विचारा: मी परत फिरायचं ठरवलं, तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल ना?