पेटी नावाचं फोल्डर

आदल्या वर्षी फवारणी करता करता माणसं गेली, म्हणून ह्या वर्षी तालुक्याच्या कृषी कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला. तालुक्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, आमचा तर अजून खोक्यातच आहे.

कापूस याही वर्षी माणसाच्या डोक्यावर गेला होता. पाठीवर पंप घेतलेला माणूस ओळीत शिरला की दिसेनासा व्हायचा. वर नुसतं पांढरं धुकं हलत राहायचं, आणि त्यावरून बांधावरच्या बायका ओळखायच्या की आपला माणूस कुठवर पोचला. धुकं एका जागी थांबलं, की त्या हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या.

वरून योजना आली होती ती अशी. कुणाला विषबाधा झाली की गावातून कार्यालयात फोन यायचा. कार्यालयानं ते नाव कॉम्प्युटरमध्ये भरायचं. कॉम्प्युटरनं जिल्ह्याला संदेश पाठवायचा, आणि जिल्ह्यानं तेवढी उताऱ्याची इंजेक्शनं तालुक्याच्या दवाखान्यात धाडायची. फोनवर मागितली तर मिळणार नव्हती. आदल्या वर्षी फोनवर सगळ्यांनीच मागितली होती.

संदेश पाठवणारा प्रोग्राम लिहायला मैत्रेयी खोब्रागडे नावाची मुलगी अकरा महिन्यांच्या करारावर आली. अमरावतीला शिकलेली, पुण्यात वर्षभर नोकरी करून परतलेली. बाप गोविंदा तिथून सात किलोमीटरवरच्या गावात रोजानं फवारणीला जायचा. पहिल्या पगारात तिनं बापाला तोंडाचा मास्क आणि रबरी हातमोजे आणून दिले. ते त्यानं पिशवीत घालून कपाटावर ठेवले. पाहुणे आले की काढून दाखवायचा.

प्रोग्राम लिहायच्या आधी कॉम्प्युटर त्या कामाला तयार करावा लागतो. त्याला चार दिवस गेले. पहिला दिवस नीळकंठ देशपांडे ह्यांच्या नावात गेला.

नीळकंठराव म्हणजे आवक-जावकचे लिपिक. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार महिने.

"काका, ह्या कॉम्प्युटरवर खातं कोणत्या नावानं उघडलं?"

"श्री. नीळकंठ गो. देशपांडे, आवक-जावक लिपिक, कंसात प्रभारी. मराठीत. राजभाषा आहे आपली."

"एवढं सगळं?"

"कंससुद्धा टाकला मी. शोधायला अर्धा तास गेला."

खात्याच्या नावानंच फोल्डर बनतं, आणि तिच्या कामाच्या अवजारांना त्या फोल्डरमधून जाता येईना. तिनं लहानसं, एका शब्दाचं नवं खातं काढलं. नीळकंठरावांना ते लागलं.

"म्हणजे माझं नाव तुझ्या कामाला चालत नाही?"

"नाव चालते काका. कंस नाही चालत."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर एकच वाक्य म्हणत राहिला: ही आज्ञा ओळखीची नाही. "नवे साहेबही सुरुवातीला असंच म्हणतात," नीळकंठराव म्हणाले. आज्ञा कोणत्या फोल्डरात राहते त्याची वाट तिनं विंडोजला सेटिंगमध्ये लिहून दिली, तेव्हा त्यानं ओळख दाखवली. मग कॉम्प्युटर स्वतःला अद्ययावत करायला बसला तो चहाच्या सुट्टीपर्यंत. तिसऱ्या दिवशी तिनं पहिला प्रोग्राम तयार केला आणि व्हायरस मारणाऱ्या प्रोग्रामनं तो परका समजून खाल्ला. चौथ्या दिवशी मात्र सगळं सुरळीत चालू लागलं.

आता चाचणी करताना संदेश चुकून खरंच जिल्ह्याला गेला असता तर तिकडे धावपळ उडाली असती. म्हणून ह्या धंद्यातलं कुणीही शहाणं माणूस करतं तेच तिनं केलं. बाहेर जाणारी वाट बंद केली आणि संदेश त्याच कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरकडे वळवला. त्याचं नाव ठेवलं पेटी. प्रोग्रामला वाटायचं, संदेश गेला. तो हिरव्या अक्षरांत लिहायचा: पाठवला. संदेश पेटीत पडायचा आणि तिथेच राहायचा.

"काका, हे अजून लुटूपुटूचं आहे बरं. जिल्ह्याचा पासवर्ड मिळाला की मी वाट बदलीन, मग खरं. तोवर हात बसवायचा तर खोटी नावं भरा. अ, ब, क."

"सरकारी दप्तरात खोटं नाव?" नीळकंठरावांनी चष्मा काढला. "एकतीस वर्षांत नाही केलं ते."

मैत्रेयी हसली. तेव्हा हसायला नको होतं.

पासवर्ड सीलबंद पाकिटात, समक्षच मिळणार होता. त्यासाठी ती यवतमाळला गेली. पाकिटावर सही करणारे साहेब दौऱ्यावर होते, आणि ते उद्या येणार असं तिला रोज सांगण्यात आलं. असे आठ दिवस गेले.

इकडे कार्यालयाचे प्रमुख खेमसिंग राठोड साहेब ह्यांना आठ दिवस दम निघेना. त्यांनी कॉम्प्युटरला हार घातला, कीबोर्डपासून हातभर दूर नारळ फोडला.

"साहेब, बाई म्हणत होत्या अजून चाचणी…"

"हिरवं येऊन राह्यलं ना?"

"हिरवं येतंय."

"मंग झालं! आणखी कोणता रंग पाह्यजे तुमाले?"

दुसऱ्याच दिवशी पहिला फोन आला. शेतात भोवळ, तोंडाला फेस. नीळकंठरावांनी नाव, गाव, वय जपून भरलं. हिरवं आलं. मग त्यांनी तेच केलं जे एकतीस वर्षं केलं होतं. रजिस्टर ओढलं, ओळ आखली आणि जावक क्रमांक टाकला: अकराशे सात.

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. त्या कार्यालयात पत्र टपालवाल्यानं नेलं म्हणजे गेलं असं नसे. जावक क्रमांक पडला म्हणजे गेलं. नंतर ते टपालात पडो की टेबलाच्या फटीत, कागदोपत्री ते गेलेलंच असायचं, आणि कागदोपत्री गेलेल्या गोष्टीची चौकशी करणं म्हणजे नीळकंठ देशपांडे ह्यांच्या अक्षरावर संशय घेणं.

दवाखान्याच्या डॉक्टर मंजुषाबाईंनी तो घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "देशपांडे, इंजेक्शनं कुठे आहेत? माझ्याकडचा साठा संपत आला."

"बाई, आमच्याकडून गेलंय. अकराशे सात, अकराशे आठ, अकराशे नऊ. तिकडेच अडलं असेल."

तिकडे काही अडलं नव्हतं. तिकडे ह्या तालुक्याचा आकडा शून्य होता, आणि शून्य पाहून जिल्हा खूश होता. त्याहून खूश खेमसिंग साहेब होते. बाकीच्या तालुक्यांतले कॉम्प्युटर दिवसातून तीनदा अडायचे, लाईन मिळायची नाही, लाल अक्षरं यायची. ह्यांचा एकदाही अडला नाही. तो बाहेर जातच नव्हता, तर अडेल कुठे? साहेबांनी प्रोग्रामचं सगळं फोल्डर, पेटीची वाट होती तशी ठेवून, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि सोमवारच्या बैठकीत सहा तालुक्यांना मोठ्या मनानं वाटलं.

नवव्या दिवशी मैत्रेयी पाकीट घेऊन बसमधून उतरली. साडेअकरा वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत पांढरं धुकं हलत होतं आणि तोंडाला कडवट चव येत होती.

"ये ये," नीळकंठराव म्हणाले. "तुझं यंत्र सोन्यासारखं चाललंय."

"कोणतं यंत्र?"

तिनं पेटी उघडली. आत एकेचाळीस संदेश होते. अ, ब, क कुठेच नव्हते. भोवळ, फेस, दिसत नाही. गाव, वय, वेळ, सगळं सुवाच्य. त्यांतली तीन माणसं आता फक्त त्या पेटीत उरली होती.

"काका, हे गेलं नाही."

"असं कसं? क्रमांक पडलाय."

"एकही गेलं नाही. सारे इथं आहेत. ह्या खोलीत."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. आई होती, नलूबाई.

"मैत्री, तुह्या बाबाचं धुकं थांबलं वं. मी पळत गेली त ओळीत पडेल होता. दवाखान्यात घेऊन चाललो. लाळ गळून राह्यली नुसती."

मैत्रेयीनं पाकीट दातांनी फाडलं. पासवर्ड टाकला, पेटीकडची वाट खोडून जिल्ह्याची लिहिली. ते काम दोन ओळींचं होतं. मग एकेचाळीस संदेश पुन्हा सोडले आणि बेचाळिसावा भरायला घेतला. नाव, गोविंदा खोब्रागडे. वय चोपन्न. हिरवं आलं.

नीळकंठरावांचा हात सवयीनं रजिस्टरकडे गेला. तिनं तो वरच्या वर धरला.

"थांबा. आधी पोचू द्या."

दोघं टेबलावरच्या फोनकडे बघत बसले. सात मिनिटांनी तो वाजला. जिल्ह्याहून आवाज आला, "एका दमात बेचाळीस? चाचणी करून राह्यले का तुमी?"

"चाचणी नाही," मैत्रेयी म्हणाली. "खरे आहेत. गाडी सोडा."

"तुमच्या लिपिकाला द्या. जावक सांगा म्हणा."

नीळकंठरावांनी फोन घेतला. "अकराशे सात ते अकराशे सत्तेचाळीस."

"तारखा?"

त्यांनी तारखा वाचल्या. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "म्हणजे हे आधीच गेलेलं आहे. मग आज पुन्हा काहून? दुबार मागणी मंजूर नाही होत, देशपांडे. तुम्हाला नियम मी सांगायचा का?"

नीळकंठरावांनी रजिस्टरकडे पाहिलं. अक्षर फार सुंदर होतं. मग त्यांनी खणातून लाल पेन काढलं. ते आजवर फक्त समासाला वापरलं होतं.

"लिहून घ्या. अकराशे सात रद्द. पत्र गेलं नव्हतं. अकराशे आठ रद्द. पत्र गेलं नव्हतं. अकराशे नऊ…"

एकेचाळीस वेळा ते बोलले आणि एकेचाळीस रेघा मारल्या.

"कोणाच्या जबाबदारीवर?" पलीकडचा आवाज आता हळू झाला होता.

"नीळकंठ गोपाळ देशपांडे, आवक-जावक लिपिक." ते थांबले. "कंसात प्रभारी."

जीप निघाली. तिला दीड तास लागणार होता.

दवाखान्यात गोविंदा खाटेवर घामानं भिजून पडला होता. मंजुषाबाईंच्या हाती दोनच इंजेक्शनं उरली होती. एक आल्याबरोबर दिलं. दुसरं त्या थोडंथोडं देत होत्या आणि मध्ये मध्ये घड्याळ पाहत होत्या. दुपारचा एक वाजला होता, खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होतं.

"मैत्री," गोविंदा म्हणाला, "दिवा काहून नाही लावला वं कोणी?"

"लावते, बाबा. मोजे घातलते का?"

"खराब झाले असते ना ते," गोविंदा म्हणाला.

नलूबाई पदरानं त्याची लाळ पुसत राहिली. नीळकंठराव दाराशी उभे राहून रस्ता पाहत होते. दीड तासाची जीप पावणेदोन तासांनी आली. खोकं उतरलं. भांडारपाल मारोतरावांनी ते टेबलावर घेतलं आणि रजिस्टर उघडून पेनाचं टोपण काढलं.

"आवक करून घेतो आधी. मोजून, बॅच नंबर लिहून. पाच मिनटं फक्त."

नीळकंठराव पुढे झाले. त्यांनी मारोतरावांच्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं, स्टुलावर ठेवलं आणि त्यावर बसले.

"उठा हो देशपांडे! हे काय करून राह्यले?"

"चक्कर येतेय मला."

"रजिस्टरवर?"

"चक्कर काय विचारून येते का?"

तेवढ्यात मंजुषाबाईंनी खोकं फोडलं होतं.

तीन वाजेपर्यंत सहा इंजेक्शनं गेली. गोविंदाची लाळ थांबली, अंग कोरडं झालं. बाईंनी बॅटरीनं त्याचे डोळे पाहिले. "जीव धरलाय," एवढंच म्हणाल्या, आणि शेजारच्या खाटेकडे वळल्या. तिथे आणखी एक जण आला होता, आणि दारात बैलगाडी उभी होती.

मैत्रेयी भिंतीला टेकून खाली बसली. नीळकंठराव शेजारी आले, पण बसले नाहीत. त्यांनी खिशातून चौघडी कागद काढला.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "साहेबांनी तुझं फोल्डर पेन ड्राइव्हवर दिलं होतं. तू यायच्या आधी. चांगलं चाललं म्हणून."

"कोणाले?"

"सहा तालुक्यांना. सामानाच्या वेगळ्या रजिस्टरात जावक केली होती मी. हे बघ."

कागदावर सहा नावं, सहा फोन नंबर आणि सहा क्रमांक होते, एकाखाली एक. मैत्रेयीनं पहिला नंबर लावला. बराच वेळ वाजल्यावर कुणीतरी सावकाश उचलला.

"तुमचा फवारणीचा कॉम्प्युटर चालू आहे का?" तिनं विचारलं.

"एकदम," पलीकडून प्रसन्न आवाज आला. "सोमवारपासून एकदाही अडला नाही, बाई. सगळं हिरवं आहे."