चुनाभट्टीपासून साठ पावलं

"कमांड पोस्ट इथेच, चुनाभट्टीत," सार्जंट ब्रेसाक म्हणाला आणि त्याने लाल पेन्सिलीचं टोक नकाशावर टेकवलं. "तिन्ही खंदक इथे येऊन मिळतात. तार कमीत कमी लागेल. निरोप्यांना धावायला दोनशे मीटर. भिंती मीटरभर जाड. यापेक्षा चांगली जागा या पट्ट्यात नाही, साहेब."

कमांडंट लेरिशनी मान हलवली नाही. शुक्रवारी पहाटे त्यांची बटालियन समोरच्या जर्मन खंदकांवर हल्ला करणार होती. एकदा आठशे माणसं धुरात शिरली की त्यांपैकी एकही त्यांना दिसणार नव्हता. जे काही कळेल ते टेलिफोनच्या तारेवरून आणि निरोप्यांच्या तोंडून, आणि जो हुकूम द्यायचा तोही त्याच वाटेने. म्हणून आपण बसायचं कुठे, हा प्रश्न त्यांना हल्ल्याइतकाच मोठा वाटत होता. ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळले.

"काझाल, तुला काय वाटतं?"

ब्रेसाकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दोन वर्षं हा प्रश्न या खोलीत फक्त त्यालाच विचारला जात होता. युद्धापूर्वी तो काओर शहराच्या भूमापन कचेरीत अठरा वर्षं नकाशे काढत होता. रेजिमेंटच्या गेल्या चार हल्ल्यांच्या सगळ्या कमांड पोस्टा त्याच्या हातच्या होत्या. कमांडंट त्याला चारचौघांत 'माझे डोळे' म्हणत.

बाप्तिस्त काझाल तीन आठवड्यांपूर्वी आला होता. कॉर्पोरल, खोदकाम तुकडीचा. गावी विहिरी खोदायचा. तो नकाशाकडे आलाच नाही. टोपी हातात धरून तिथूनच म्हणाला, "भट्टी वाईट हाय साहेब."

"का?"

"ती नकाशात हाय ना, म्हणून. आपल्या नकाशात हाय म्हंजी जर्मनाच्या नकाशातबी असणार. त्यो काय तिला सोडतोय? आन् खालचा खडूचा खडक फुटलेला हाय. मी हातोडीनं वाजवून बघितला. पोकळ बोलतोय."

"मग?"

"डावीकडं साठ पावलं. तिथं एक उतार हाय, गवत बी न्हाई, काय बी न्हाई. कुणी बघावं असं तिथं कायच न्हाई. आत घुसलो की सहा मीटरवर घट्ट खडू लागंल."

"साठ पावलं डावीकडे गेलं की तार वाढते," ब्रेसाक म्हणाला. "आणि खंदकांचा जोड तुटतो. सगळी जुळणी पुन्हा करावी लागेल."

"मग करा पुन्हा, ब्रेसाक," कमांडंट म्हणाले. रागाने नव्हे, अगदी सहज. मग त्यांनी स्वतःची तंबाखूची पिशवी काझालपुढे केली. "घे. ओढतोस ना?"

ब्रेसाकने नकाशाची घडी घातली. त्याची घडी आजवर कधी तिरकी गेली नव्हती.

तंबाखूचं त्याला एवढं काही वाटलं नसतं. तो ओढतही नव्हता. लागलं ते 'तू'. कमांडंट त्याला दोन वर्षं 'तुम्ही' म्हणत आले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. बाकीचे सार्जंट म्हणायचे, तुझा बाबा मानच वेगळा. आज तो मान त्याला परक्या माणसाशी बोलल्यासारखा वाटला. या खड्डे खणणाऱ्याला साहेब तीन आठवड्यांत 'तू' म्हणाले होते, जसे आपल्या धाकट्या भावाला म्हणाले असते.

बाहेर टेलिफोनवाला तिसो तारेचं रीळ गुंडाळत बसला होता. त्याला आतलं सगळं ऐकू गेलं होतं. त्याला ऐकू जात नाही असं काही नव्हतंच.

"काय सार्जंट, आज डोळ्यांना सुट्टी?"

"तुझं रीळ बघ."

"बघतोय की. साठ पावलं जास्तीची तार आता माझ्याच पाठीवर येणार. पण माणूस भारी आहे हां. काल माझ्या खंदकात पाणी कुठून झिरपतंय ते कान लावून सांगितलं त्यानं."

"मग लग्न कर त्याच्याशी," ब्रेसाक म्हणाला. तिसो खो खो हसला. ब्रेसाकला हसू आलं नाही.

मंगळवारी तो नवा आराखडा काढायला बसला. काम त्याने चोख केलं, तेवढं त्याला करावंच लागे. मध्ये बटालियनची पोस्ट. पुढे चार कंपन्यांच्या चार छोट्या पोस्टा. निळ्या रेघेने जमिनीत पुरलेली तार, तुटक रेघेने निरोप्यांची वाट. जखमींना मागे नेण्याचा खंदक वेगळा, नाहीतर स्ट्रेचरवाले आणि निरोपे एकमेकांत अडकतात आणि हुकूम तिथेच मरतो. पहिला जर्मन खंदक हाती आला की साहेबांनी पुढे कुठे सरकायचं, ती जागा रिकामी ठेवली. ती तिथे जाऊनच ठरायची होती.

मग सवयीने त्याने उंचीच्या रेषा तपासल्या, आणि त्याचा हात थांबला.

समोरची पवनचक्कीची टेकडी जर्मनांकडे होती. तिच्या मुख्य माथ्यावरून काझालचा उतार दिसत नव्हता, ते खरं. पण टेकडीचा उत्तरेकडचा खांदा? त्याने पट्टी ठेवली, पुन्हा मोजलं. त्या खांद्यावरून उताराचा खालचा भाग दिसत होता. एक चिंचोळी पट्टी, पण पोस्टचं तोंड नेमकं त्याच पट्टीत येत होतं. तिथे दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला एका भोकात सारखी माणसं आत-बाहेर करताना दिसली, की अर्ध्या तासात तोफा तिकडे वळणार.

त्याच्या छातीत काहीतरी गोड हललं. ते काय होतं हे त्याला लगेच कळलं, आणि कळूनही त्याने ते तिथेच राहू दिलं.

कमांडंट पलीकडे चार हातांवर कॉफी पीत बसले होते.

"झालं का, ब्रेसाक?"

"झालं, साहेब."

"काही अडचण?"

"तार पुरेल," तो म्हणाला.

त्याने तीन प्रती काढल्या. बुधवारभर स्वतःला समजावत राहिला. जागा कुणी निवडली? त्याने. मला जागेबद्दल कुणी विचारलं का? नाही. मला रेघा मारायला सांगितल्या, मी मारल्या. संध्याकाळी जेवणाच्या रांगेत काझाल त्याच्या मागे उभा राहिला, त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले. "सार्जंट, तुमचा नकाशा बघितला. काय झ्याक काढता हो! चित्रच." ब्रेसाक ताटली पुढे करत वाढप्याला म्हणाला, "पुरे." काझालला वाटलं आपल्यालाच म्हणाला. तो एक पाऊल मागे सरकला.

गुरुवारी सकाळी पोस्टमध्ये बसणाऱ्यांची यादी करायची होती. चाळीस माणसं. कमांडंट, त्यांचा सहायक अधिकारी, डॉक्टर, निरोपे, टेलिफोनवाले. ब्रेसाक आपल्या सरळ, गोल अक्षरात एकेक नाव लिहीत गेला. सातवं नाव त्याचं स्वतःचं होतं. तेही त्याने लिहिलं. हात अडखळला नाही, याचं त्याला नंतर फार आश्चर्य वाटलं. दोन दिवस त्याच्या मनात काझाल तोंडघशी पडत होता. तो पडणार त्या खड्ड्यात आपणही असू, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

अकरावं नाव तिसोचं होतं. तिसो समोरच बसून पावाच्या कडा तोडत होता आणि शीळ घालत होता. मध्येच म्हणाला, "उद्या काझालच्या बिळात जागा जरा बरी दे हां सार्जंट. दाराजवळ नको. मला वारा बाधतो."

ब्रेसाकने पेन खाली ठेवलं. नकाशा काखेत मारला आणि बाहेर पडला.

पुढच्या खंदकापर्यंत पोचायला त्याला पाऊण तास लागला. वाटेत वाक्यं जुळवत होता. आधी काझालला सांगू, मग दोघं साहेबांकडे जाऊ. काय सांगू? आत्ता लक्षात आलं म्हणू. तोंड बदलायला एक दिवस आणि एक रात्र आहे, जमेल.

काझाल पालथा पडून एका लाकडी टेकूखाली पाचर ठोकत होता. ब्रेसाकला बघून उठला, हात पाटलोणीला पुसले.

"तुमी? इकडं?"

ब्रेसाकने नकाशा उलगडला. "टेकडीचा हा खांदा. इथून तुझं तोंड दिसतंय."

काझालने नकाशाकडे नुसतं पाहिल्यासारखं केलं. मग हसला, पुढचा एक दात नसलेलं हसू. "व्हय, दिसतंय. म्हणूनच फिरवलं. या, दावतो."

त्याने ब्रेसाकला मागून नेलं. तीस पावलं मागच्या वळणात, फांद्यांखाली, एक अरुंद वाट जमिनीखाली शिरत होती आणि ती आतून पोस्टला मिळत होती. पुढचं भोक त्याने मातीच्या पोत्यांनी बुजवून टाकलं होतं.

"कधी केलंस?"

"मंगळवार रातीपासनं. मला नकाशा कळत न्हाई ना सार्जंट. मग मंगळवारी सांजच्याला काटेरी तारेच्या पल्याड गेलो पोटावर, आन् तिथनं मागं वळून बघितलं. म्हटलं जर्मन आसतो तर मला काय दिसलं आसतं? दिसलं की भोक." त्याने हातांवरची पूड झटकली. "तुमाला कधी दिसलं?"

ब्रेसाकने नकाशाची घडी घालायला घेतली. "आत्ता. सकाळी."

काझालने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. जितकं पाहायला हवं होतं त्यापेक्षा थोडं जास्त. मग म्हणाला, "बरं झालं आलात. दोघांनी बघितलं म्हंजी पक्कं झालं."

दुपारी कमांडंट पाहणीला आले तेव्हा काझाल त्यांना म्हणाला, "तोंड फिरवलंय साहेब. खांद्यावरनं दिसत हुतं. सार्जंटनीबी नकाशात वळखलं त्ये. मुद्दाम सांगायला आले."

"शाबास, ब्रेसाक," कमांडंट म्हणाले.

ब्रेसाकने टाचा जुळवल्या. त्याला काझालचा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. दोन दिवस गप्प बसल्याचं पाप घेऊन तो इतक्या लांब आला होता, आणि या माणसाने त्याला ते कबूल करण्याइतकीही जागा ठेवली नव्हती. वर आपल्यातलं अर्धं श्रेय काढून, घासातला घास द्यावा तसं, त्याच्या हातावर ठेवलं होतं.

शुक्रवारी सहा वाजता शिट्ट्या वाजल्या. सव्वासहाला जर्मन तोफा उलटून बोलू लागल्या आणि त्यांचा पहिला मारा चुनाभट्टीवर आला. जमिनीखाली बसलेल्या चाळीस माणसांना तो उजवीकडून ऐकू येत होता, कुणी भिंतीपलीकडे पोती आपटावीत तसा. वरून खडूची पूड झरत होती. अर्ध्या तासाने एक निरोप्या आत आला आणि म्हणाला, "भट्टी गेली. तिथे आता खड्डा आहे."

कमांडंटनी ब्रेसाककडे पाहिलं. ब्रेसाकने वहीत वेळ लिहिली.

तार दोनदा तुटली. दोन्ही वेळा तिसो बाहेर गेला आणि दोन्ही वेळा शिव्या देत परत आला. निरोपे मागच्या वाटेने येत राहिले. साडेनऊला दुसऱ्या कंपनीकडून कळलं, पहिला खंदक हाती आला. आता पोस्ट पुढे न्यायला हवी होती, नाहीतर पुढच्यांना मागचा आवाज पोचला नसता.

"जागा बघायला कोण जातंय?" कमांडंटनी विचारलं.

ब्रेसाक उठला होता, हे त्याने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. खरोखरच तो उठला होता. पण कमांडंट म्हणाले, "तुम्ही नाही. तुम्ही मला इथे हवे. काझाल, तू जा."

आणि त्या क्षणीसुद्धा, वरचं छप्पर थरथरत असताना, ब्रेसाकच्या मनात पहिलं आलं ते हेच की यालाच का.

काझाल दोन माणसं घेऊन गेला. अकराला त्यातला एक परत आला; दुसरा तिथेच जागा राखायला थांबला होता. जागा सापडली होती, जिंकलेल्या खंदकाच्या तिसऱ्या वळणामागे, घट्ट खडूत. माणसाने हाताने खुणा करून सांगितलं, ब्रेसाकने नकाशातल्या रिकाम्या जागेत खूण केली. "काझाल कुठाय?" कमांडंटनी विचारलं.

"तो राहिला, साहेब. उजवीकडून किती दिसतं ते बघायला वर गेला होता. डोकं काढलं तेवढ्यात..." माणसाने टोपी काढली. "एकच गोळी."

दुपारी सगळे पुढे सरकले. जागा चांगली होती. तिथे ते दोन दिवस बसले आणि त्या दोन दिवसांत पोस्टमधला एकही माणूस गेला नाही.

सोमवारी बटालियनला मागे एका गावात विश्रांती मिळाली. कमांडंट शाळेच्या खोलीत उतरले होते. दुपारी त्यांनी ब्रेसाकला बोलावलं.

"काझालच्या बायकोला पत्र जायला हवं. सही मी करीन. पण तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. तिला वाचता येत नाही, गावचा पाद्री वाचून दाखवेल. साधं लिहा." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या उतारावरच्या जागेचं जरूर लिहा. कशी ठरली ते. तुम्हाला माहीत आहेच."

ब्रेसाक मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसला. फळ्यावर अजून कुणाचा तरी भागाकार होता. त्याने तारीख घातली, गावाचं नाव घातलं. तुमचे पती शूरपणे पडले, हे लिहिलं. त्यांना यातना झाल्या नाहीत, हेही लिहिलं, आणि ते खरं होतं. मग लिहिलं: 'आम्ही दोघांनी मिळून निवडलेल्या जागेत त्यांच्यासोबत चाळीस माणसं बसली होती आणि ती चाळीसही आज जिवंत आहेत.'

त्याने वाक्य पुन्हा वाचलं. कमांडंट त्यावर सही करतील. काझाल असता तर त्यानेही मान हलवली असती, त्याने स्वतःच तर साहेबांना तसं सांगितलं होतं. पाद्री वाचेल, बाई ऐकेल, आणि जन्मभर तिला वाटेल की त्या वेळी नवऱ्याच्या सोबत कुणी तरी होतं. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

बाहेर पंपावर तिसो आणि दुसरी पोरं उघड्या अंगाने एकमेकांवर पाणी उडवत होती.

फक्त 'आम्ही दोघांनी मिळून' एवढेच तीन शब्द खोडता आले असते. पण विधवेला जाणाऱ्या कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही. ब्रेसाकने तो कागद बाजूला ठेवला, नवा कोरा कागद घेतला आणि पुन्हा तारखेपासून सुरुवात केली.