अर्धा उखाणा

सुलूच्या कपाळावरचं कुंकू ही उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या झाडून साऱ्या मराठी बायकांची डोकेदुखी होती. नवरा कैक वर्षं बेपत्ता, आणि ही बाई रोज ठसठशीत कुंकू लावते म्हणजे काय? नवरा जिवंत आहे हे सुलूला पक्कं ठाऊक होतं, कारण रोज दुपारी तीच त्याला पोळी घालत होती.

झालं होतं असं. आमटीत मीठ कमी पडलं एवढ्या निमित्तानं त्यानं तिचा हात पिरगाळला. लेक भार्गवी शाळेत होती. हे प्रकार नेहमी ती शाळेत असतानाच व्हायचे. मग बाहेर पडताना त्यानं दारातल्या कुत्र्याच्या पेकाटात लाथ घातली आणि स्कूटर काढून काळभैरवाचं देऊळ आहे त्या भैरवगढच्या रस्त्याला लागला. कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन, उज्जैनात हे शेंबडं पोरही जाणतं. पुढे स्कूटर तेवढी सापडली. काही दिवसांनी एक तांबडा कुत्रा आला आणि थेट त्याच्या आरामखुर्चीपाशी जाऊन बसला. उजव्या भुवईवर नवऱ्याच्या होती तीच तिरपी खूण. सुलूच्या हातातलं ताट खाली पडलं.

भार्गवी मोठी झाली, घरात केबल आलं, तरी तिचं वेड पुस्तकांचं. देवास गेटजवळच्या लायब्ररीतून ती भुताखेतांच्या प्रेमकथा भाड्यानं आणायची.

"सुन ना आई, ह्यात दोन किसम असतात. एक पुनवेला आपोआप लांडगा होतो, त्या बिचाऱ्याचा इलाजच नाही. दुसरा मर्जीनं रूप बदलतो. पण नायिकेनं जीव लावून नाव घेतलं, की दोघांचाही देखणा माणूस होतो."

"आणि मग?"

"मग काय, लग्न. पुस्तक खतम."

लग्नानंतरचं कोणी लिहीत नाही वाटतं, सुलूच्या मनात आलं. तिनं नवऱ्याचं नाव आयुष्यात कधी उच्चारलं असेल तर ते उखाण्यातच. लेक कॉलेजला गेल्यावर तिनं कुत्र्याला आत घेऊन स्वयंपाकघराचं दार लावलं आणि लग्नातलाच उखाणा म्हणायला घेतला. नावाचं पहिलं अक्षर ओठांवर आलं न आलं, तोच कुत्र्याचा पंजा फाकला. बोटं फुटली. नवऱ्याची पुष्कराजाची अंगठी दिसली. आणि त्या बोटांनी सगळ्यात आधी काय केलं, तर मूठ वळली. सुलूनं पदर तोंडात कोंबला. मूठ पुन्हा पंजा झाली.

भार्गवीचं लग्न ठरलं तेव्हा पोरगी एकच बोलली, "बाबा असते ना, तर मला आणखी काही नको होतं." लेकीचा बाप आपणच अडवून धरलाय, हे सुलूला ठाऊक होतं. कन्यादान मामानं केलं. कुत्रा कार्यालयाच्या फाटकात बसून एकटक बघत राहिला.

जेवणाच्या पंगतीत बायकांनी सुलूला घेरलं. "कुंकू लावता ना सुलूताई? मग नाव घ्या!" शेजारच्या भाभीही म्हणाल्या, "आज तो लेना पडेगा." भार्गवीनं तिचा हात धरला. "घे ना ग आई, बाबांचं नाव. माझ्यासाठी."

लेकीसाठी म्हटल्यावर सुलू उभी राहिली.

"शिप्रेच्या पाण्यावर तेवल्या वाती, जन्माची दोरी दिली..."

आता नाव, आणि त्यापुढे 'हाती', एवढंच उरलं होतं. फाटकातला कुत्रा उठला. त्याचे कान ताठ झाले, पुढचा पाय थरथरू लागला. सुलूचं मनगट आठ-दहा वर्षांपूर्वीसारखं दुखायला लागलं. ती खाली बसली.

"लाजली ग बाई, ह्या वयात लाजली," बायका हसल्या. भार्गवीनं हात सोडला. सुलूनं पोळीला तूप लावलं आणि ती फाटकाशी गेली. कुत्रा तोंड लावीना, नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"अहो, जेवून घ्या," ती हळूच म्हणाली. मग तो जेवला.

पाठवणीच्या वेळी भार्गवी गाडीत बसायच्या आधी वाकली. कुत्र्यानं तिच्या हळदीच्या पावलांवर डोकं टेकलं होतं. ती त्याला कुरवाळत रडली.

"हा मला पोचवायला आला बघ. किती गरीब आहे ना ग, आई?"

"हो," सुलू म्हणाली. "आता आहे."