लिलाववाल्याचा आवाज

सासऱ्यांचा घसा ऑपरेशनमध्ये गेला, स्वभाव मात्र जागच्या जागी राहिला. जन्मभर त्यांनी लिलाव पुकारले होते. जुनं फर्निचर, बुडालेल्या दुकानांतला माल, मेलेल्यांची कपाटं. आवाज असा की मागच्या रांगेतला माणूस दचकून बोली वाढवायचा. आता हात थरथरत असल्यामुळे पेन धरवत नव्हतं, पण डाव्या हाताचं एक बोट शाबूत होतं. त्या बोटानं ते कॉम्प्युटरवर टाइप करत, एंटर दाबत, आणि कॉम्प्युटर बोलायचा. सपाट, निर्विकार, हवामानाचा अंदाज सांगावा तसा. "हिच्या हाताला वळण नाही. कपडे दुसरीकडे शिवा." हे सुनेच्या गिऱ्हाइकांसमोर, ती तोंडात टाचण्या धरून माप घेत असताना.

सून सगळं गिळायची. नवरा तर त्याहून पटाईत. बापाने तोंड उघडलं की ह्याला नेमकं बाहेरचं काम आठवायचं.

त्या सकाळी दुरुस्तीवाला आला होता. पडद्यावर सारखा एकच चौकोन येत होता: नवी सिस्टीम तयार आहे, आत्ता अपग्रेड करा. सासरे शेजारी खुर्चीत बसून ऐकत होते.

"वहिनी, नीट ऐका," तो म्हणाला. "अपग्रेड केलंत तर हा बोलणारा प्रोग्रॅम चालणार नाही. फार जुना आहे, बनवणारे कधीच गाशा गुंडाळून गेले. नवे मिळतात, पण त्यांना आपली भाषा येत नाही. तुम्ही ह्या चौकोनाला हातच लावू नका. आहे तसं चालू द्या."

"आणि झालंच तर?"

"थोडे दिवस परत जुन्यावर जाता येतं. मला लगेच बोलवा. उशीर केलात तर ती सोयही जाते."

तो गेला. ती चौकोनाकडे बघत बसली.

खोटं कशाला बोला, तिच्या मनात दया नव्हती. आई शेवटच्या दुखण्यात असताना तिने माहेरी जाऊ का म्हणून विचारलं होतं. सासरे जेवत होते. घरातला प्रत्येक प्रश्न ते लिलावासारखाच निकालात काढायचे. "हिने जाऊ नये असं माझं म्हणणं. कोणाची हरकत? एक वार, दोन वार, तीन वार," एका दमात, आणि टेबलावर वाटी आपटली. नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. आई तिची वाट बघत गेली.

तिने खुर्ची ओढली, माउस धरला, बाण चौकोनावर नेला.

"अपग्रेड करावं असं माझं म्हणणं," ती म्हणाली. "तुमची हरकत?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. बोट कीबोर्डवर धावलं.

"एक वार."

तिने घाई केली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी तिला दिला होता त्याच्या कितीतरी पट वेळ तिने त्यांना दिला. 'नको' एवढं उमटवायला तो पुरून उरला असता. पण सुनेला साधं नको म्हणणं म्हाताऱ्याच्या रक्तातच नव्हतं. पडद्यावर आलं: अगं अक्कलशून्य

"दोन वार."

बाई, तुझ्या बापानं तुला

"तीन वार," ती म्हणाली आणि क्लिक केलं.

दुपारी नवी सिस्टीम लखलखत उघडली. सासऱ्यांनी टाइप केलं, एंटर दाबला. काही नाही. परत दाबला. पुढच्या खोलीत सून एका बाईचं माप घेत होती. "आज घर कसं शांत वाटतंय," बाई म्हणाली. सुनेला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच भीती वाटली. आत अक्षरं उमटत होती, पण अक्षरांना कोणीतरी जवळ येऊन वाचावं लागतं. ती दिवसभर त्या बाजूला फिरकली नाही.

संध्याकाळी नवरा आला. सासऱ्यांनी त्याची बाही धरली ती सोडेनात, आणि त्याला पडद्यापाशी ओढलं. तो चष्मा लावून वाकला. सून दारातच थांबली, पण अक्षरं मोठी होती, तिलाही दिसली: हिने मुद्दाम केलं. माझा आवाज गेला. दुरुस्तीवाल्याला बोलव.

नवरा वाचत राहिला. एवढ्याशा मजकुराला लागू नये इतका वेळ. मग त्याने एक कळ दाबून धरली. शेवटच्या शब्दापासून मागे मागे सगळं पुसलं गेलं.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं.

"पाणी मागतायत," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, आणि बाहीवरची बापाची बोटं एकेक करून सोडवली.

तिने पाणी आणलं. सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मुलाकडे बघत राहिले.

"नको असेल आता," नवरा म्हणाला. बापासमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच पाय पसरून बसला.

तिने ग्लास स्वतःच्या तोंडाला लावला आणि उभ्याउभ्या पिऊन टाकला.